पहाटेचं पान आणि मातीचा ताण : पिकाकडे पाहून ओलावा ओळखण्याची रीत

मे महिन्यात दुपारी दोन वाजता जळगाव जिल्ह्याच्या यावल-रावेर पट्ट्यातल्या कोणत्याही केळीच्या बागेत जा. पानांच्या दोन्ही बाजू मधल्या शिरेपासून खाली झुकलेल्या दिसतील, अर्ध्या मिटलेल्या छत्रीसारख्या. शेतीत नवा आलेला माणूस ते पाहतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. पहिल्या उन्हाळ्यात मीही तेच केलं. पान झुकलं की ठिबक अर्धा तास जास्त, रोज. जूनमध्ये काही झाडांच्या बुडाशी उकरून पाहिलं, तेव्हा पांढरं मूळ शोधूनही सापडेना. हाताला लागली ती काळी, मऊ, कुजका वास येणारी मुळं. झाडं तहानेनं नाही, पाण्यानं बसली होती. शेजारच्या बागेतले आबा बांधावर उभे होते. ते एवढंच म्हणाले, "पोरा, दुपारले पान नको देखू, पहाटले देख."

त्यांच्या या एका वाक्यामागे जमिनीचं आणि झाडाचं मोठं शास्त्र आहे. ते समजलं की महागडं यंत्र नसतानाही आपल्या वावरातल्या ओलाव्याचा बऱ्यापैकी खरा अंदाज बांधता येतो. नुकतीच शेती हातात घेतलेल्यांसाठी ही रीत पायरीपायरीनं लिहितो आहे.

आधी ताण म्हणजे काय ते समजून घ्या

'ताण' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. लिंबाचा बहार धरायला बाग ताणावर सोडतो, म्हणजे तिचं पाणी तोडतो, तो ताण आपण देतो. इथे ज्या ताणाबद्दल बोलायचं आहे तो मातीचा आहे. माती पाण्याला किती जोरानं धरून बसली आहे, त्या जोराचं माप म्हणजे ओलाव्याचा ताण. मुळाला पाणी हवं असेल तर त्याहून जास्त जोर लावून ओढावं लागतं.

हे माप बारमध्ये किंवा किलोपास्कलमध्ये सांगतात. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल. हा ताण मोजणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे टेन्शिओमीटरच्या, काट्यावर सेंटिबार लिहिलेलं असतं. १ सेंटिबार आणि १ किलोपास्कल एकच. पण खान्देशातल्या माणसाला हे विहिरीच्या भाषेत लवकर कळतं. १ बार म्हणजे सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. भारी काळ्या जमिनीत वाफसा असतो, म्हणजे जास्तीचं पाणी निचरून पिकाला हवी तेवढी ओल उरते, तेव्हा ताण साधारण एक तृतीयांश बार असतो. म्हणजे मूळ जणू दहा-अकरा फुटांवरून पाणी उचलतं आहे. जमीन वाळत जाते तशी ही विहीर खोल होत जाते. ताण १५ बारच्या आसपास पोचला की बहुतेक पिकं कायमची माना टाकतात. १५ बार म्हणजे जवळपास ५०० फूट. बोअर एवढ्या खोल गेल्यावर मोटर, केबल आणि बिल यांचं काय होतं हे ज्यानं भोगलं आहे, त्याला मुळाचे हाल वेगळे सांगायला नकोत.

आता नवख्यांना हमखास चकवणारी गोष्ट. पाणी किती आहे आणि ते किती घट्ट धरलेलं आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तापीकाठच्या भारी काळ्या मातीचा गोळा हातात वळतो, ओल लागते, तरी त्यावरचं पीक सुकलेलं असू शकतं. कारण चिकणमातीचे कण अतिशय बारीक, त्यांच्यातल्या फटीही बारीक, आणि त्या फटींतलं पाणी सुटता सुटत नाही. नदीकाठची रेताड किंवा सातपुड्याच्या पायथ्याची गोटाळ जमीन याच्या उलट वागते. तिच्यात पाणी थोडंच मावतं, पण जे असतं ते सहज मिळतं, आणि संपतं तेव्हा अचानक संपतं. अशा जमिनीत पहिली खूण दिसल्यापासून पीक कोलमडेपर्यंत उन्हाळ्यात एक-दोन दिवसच मिळतात. काळी जमीन जास्त दिवस आधी सांगते. मात्र तिला भेगा पडल्या की मुळं तुटतात आणि खालची ओलही त्या भेगांतून उडून जाते.

म्हणून हाताला ओल लागते की नाही, यावर पाण्याची पाळी ठरवू नका. हात पाण्याचं प्रमाण सांगतो. ताण झाडाला कळतो.

पहाटच का

दिवसा पानांवरची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, उघडी असतात आणि पाणी वाफ होऊन जात असतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि कोरडं गरम वारं सुटतं. तेव्हा मुळं कितीही धडपडली तरी पानाचा खर्च भागत नाही. पान झुकतं. वावरात भरपूर ओल असतानाही झुकतं. केळीचं पान दुमडून उन्हापासून स्वतःला वाचवत असतं. त्या वेळी ते जे सांगतं ते उन्हाबद्दल आणि वाऱ्याबद्दल असतं.

संध्याकाळी रंध्रं मिटतात, खर्च जवळजवळ थांबतो, पण मुळं ओढत राहतात. रात्रभर पानातली तूट भरत जाते. सूर्य उगवायच्या आधी पानातली ओढ आणि मुळांभोवतीच्या मातीची ओढ जवळजवळ सारखी झालेली असते. म्हणजे त्या घडीला पान हेच मातीच्या ताणाचं माप असतं. शास्त्रज्ञ हेच यंत्रानं मोजतात. पान तोडून बंद डब्यात ठेवायचं, देठ बाहेर काढायचा आणि डब्यात हवेचा दाब वाढवत न्यायचा. देठाच्या कापावर रस उमटला की तेव्हाचा दाब म्हणजे पानातली ओढ. १९६५ मध्ये शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. मातीचा अंदाज हवा असेल तर हे यंत्रवालेही पहाटेच पान तोडतात. आपल्याजवळ यंत्र नाही, पण पहाट आहे आणि डोळे आहेत.

एक मर्यादा आताच सांगून ठेवतो. झाड मुळांच्या पसाऱ्यातल्या सगळ्या मातीची सरासरी सांगत नाही. जिथे ओल जास्त तिथून ते आधी पितं. वरचा वीतभर थर कोरडा ठणठणीत असला आणि दोन फुटांवर ओल असली, तर खोल मुळांचा कापूस पहाटे टवटवीतच दिसेल. आणि ज्या रात्री गरम वारा थांबतच नाही, त्या रात्री पानाचा खर्चही पूर्ण थांबत नाही. अशा पहाटे पान मातीपेक्षा थोडं जास्त कोरडं बोलतं.

पहिली पायरी : झाडं निवडा आणि दोन खड्डे घ्या

वावराच्या तीन जागा धरा : पाणी आधी पोचतं ती, मधली, आणि शेवटची. प्रत्येक ठिकाणी पाच झाडांना रंगीत दोरी बांधा. बांधाकडेच्या दोन-तीन ओळी सोडा. तिथे वारा जास्त लागतो, झाडं आधी सुकतात आणि फसवतात.

मग पहिल्या आणि तिसऱ्या जागेजवळ एकेक खड्डा घ्या, गुडघाभर तरी खोल. थर पाहा. कुठे काळी संपते, कुठे मुरूम लागतो, पांढरी बारीक मुळं कुठपर्यंत गेली आहेत. ज्या थरात ही पांढरी मुळं आहेत, तुमचं झाड त्याच थराबद्दल बोलणार आहे. ठिबकवरच्या केळीत ती बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात सापडतात. ही माहिती वहीत लिहा. नंतर कोणतीही खूण वाचताना ती लागते.

दुसरी पायरी : तुलनेसाठी चार झाडं तृप्त ठेवा

हे काम बहुतेक जण टाळतात. माझ्या मते सगळ्या पद्धतीचा कणा तोच आहे. वावराच्या मध्ये चार झाडांना जास्तीचा ड्रीपर लावा, किंवा कळशीनं पाणी घालून त्यांना कायम वाफशात ठेवा. वाफशात म्हणजे चिखलात नव्हे, हे लक्षात ठेवा.

आता ऊन आणि वारा सगळ्या झाडांना सारखाच आहे. दुपारी तृप्त झाडंही झुकली आणि बाकीचीही झुकली, तर कारण ऊन. तृप्त झाडं उभी आणि बाकीची मलूल, तर कारण माती. दोन्हींमधला फरक जितका मोठा तितका ताण मोठा. नुसत्या डोळ्यांनी केलेल्या अंदाजाला यानं पाया मिळतो.

तिसरी पायरी : दिवसातून तीनदा पाहा

सूर्योदयाआधी, दुपारी दोनच्या सुमारास आणि दिवस मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं. या तीन वेळा आठ दिवस सलग पाहा. पुढे सवय झाली की पहाट आणि संध्याकाळ पुरते. पाहायचं काय, ते ओल्यापासून कोरड्याकडे सांगत जातो. सोबतचे आकडे ढोबळ आहेत. पीक आणि जमीन बदलली की ते मागेपुढे सरकतात.

जमीन वाफशाहून ओली किंवा वाफशाच्या आसपास असली, तर मका, ज्वारी, गहू यांच्या लहान रोपांच्या पानांच्या टोकाला पहाटे पाण्याचा थेंब दिसतो. याची दवाशी गल्लत करू नका. दव सगळ्या पानावर पसरतं. हा थेंब फक्त टोकाला किंवा कडेला, ठरलेल्या जागी येतो. मुळांनी रात्रभर आत ढकललेलं पाणी तिथून बाहेर पडतं. थेंब दिसला की त्या दिवशी पाण्याचा विचारसुद्धा करू नका.

त्यानंतरचा बदल शांतपणे होतो, म्हणून नजरेतून सुटतो. पान झुकत नाही, रंग बदलत नाही, फक्त वाढ मंदावते. कोवळ्या पेशी पाण्याच्या फुगाऱ्यावर ताणून मोठ्या होतात. फुगारा थोडा कमी झाला की सगळ्यात आधी ताणणं थांबतं. अनेक पिकांत अर्ध्या बारच्या आसपास ही वेळ येते, केळीत त्याहीआधी. डोळ्याला हे दिसत नाही, पट्टीनं दिसतं. केळीचा पोंगा, म्हणजे न उलगडलेलं नवं पान, जिथून बाहेर निघतो तिथे पेननं खूण करा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती किती वर सरकली ते मोजा आणि तृप्त झाडाच्या पोंग्याशी ताडून पाहा. तृप्त झाडाची खूण चार बोटं सरकली आणि बाकीच्यांची दोनच, तर पानं कितीही हिरवीगार दिसोत, पाळी जवळ आली.

पुढे रंग बदलतो. ताज्या हिरव्या पानाला काळपट-निळसर झाक येते, पान हाताला गरम लागतं. रंध्रं अर्धी मिटल्यामुळे पानाला गारवा देणारी वाफ कमी झालेली असते. दुपारचं झुकणं आता लवकर सुरू होतं, पण दिवस मावळता मावळता पान पुन्हा ताठ होतं. ताण साधारण अर्धा ते दोन बार.

मग सावरायला उशीर होऊ लागतो. संध्याकाळी पान मलूलच राहतं, पहाटे मात्र ताठ दिसतं. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. माती वाळली की ती पाणी नुसतं घट्ट धरत नाही, पाण्याची चालही मंदावते. मुळाभोवतीचं पाणी मुळानं ओढून घेतलं की मागून येणारं थेंबाथेंबानं येतं. म्हणून जी तूट तासाभरात भरायची, तिला आता अख्खी रात्र लागते. पानाला सावरायला किती वेळ लागतो, हेच तुमचं घड्याळ. इथे ताण काही बारपर्यंत पोचलेला असतो.

आणि पहाटेही पान सावरलेलं नसलं, तर १५ बारची हद्द जवळ आली समजा. इथवर येऊ द्यायचं नाही. पाणी दिल्यावर झाड उभं राहील, पण हंगामाचं नुकसान भरून निघत नाही.

कोणत्या पिकात काय पाहावं

केळीबद्दल बरंच सांगून झालं. एक सूचना राहिली. जळगाव जिल्ह्यात मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची) आणि कांदेबाग (पावसाळ्याच्या शेवटची) अशा दोन लागवडी असतात, आणि दोन्हींना हिवाळा सोसावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार पडल्या की पोंगा थंडीनंच अडतो. तेव्हा वाढ थांबली म्हणून पाणी वाढवलं तर मुळं आणखी गारठतात. तृप्त झाडांचा पोंगाही अडला असेल तर दोष थंडीचा आहे.

कापूस सोसणारा आहे. त्याच्या खोडाकडे पाहा. जोमात वाढणाऱ्या झाडाचा शेंडा हिरवा आणि खालचं खोड लालसर असतं. वाढ मंदावली की हा लाल रंग शेंड्याकडे चढत जातो. दुसरी खूण फुलाची. कापसाचं फूल उमलतं त्या दिवशी पांढरट असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. खोडालगतचं, सगळ्यात वरचं ताजं पांढरं फूल शोधा आणि तिथून शेंड्यापर्यंतची पेरं मोजा. हा आकडा दर आठवड्याला लिहा. तो झपाट्यानं घटत असेल तर झाड वर वाढायचं थांबलं आहे. बोंडं भरली की हंगामाच्या शेवटी तो आपोआपच घटतो. त्यामुळे फुलोऱ्याच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच या खुणेवर विसंबा.

मका आणि ज्वारीची पानं लांबीच्या दिशेनं सुरळी होतात. वाचायला ही सगळ्यात सोपी खूण. किती वाजता सुरळी झाली ते लिहा. दुपारी एकला होणारी सुरळी चार दिवसांत सकाळी दहाला होऊ लागली, तर जमीन किती वेगानं वाळते आहे ते त्या तीन तासांत कळतं. मक्याला तुरा आणि कणसाचे केस येण्याच्या दिवसांत सुरळीची वाट पाहूच नका. त्या आठ-दहा दिवसांचा ताण दाण्यांवर जातो.

भुईमुगाला आबांचं वाक्य लागू पडत नाही. त्याच्या पर्णिका रोज रात्री आपणहून मिटतात, तहान असो वा नसो. त्यामुळे पहाटे मिटलेलं पान पाहून काहीच कळत नाही. सकाळी आठ-नऊला पाहा, पानं सपाट उघडली आहेत का. दुपारी पर्णिका उभ्या होऊन उन्हाला कड दाखवत असतील आणि वरून पाहताना वावर फिकट दिसत असेल, तर ताण आहे. आऱ्या सुटताना, म्हणजे फुलानंतर शेंग धरणारे देठ जमिनीकडे वाढताना, तर पानाच्याही आधी माती पाहा. वरचा थर कडक झाला की आरी आत शिरत नाही.

नंदुरबारकडची मिरची आणि आपली भरताची वांगी यांची पानं मऊ, लगेच मलूल होणारी. माप म्हणून ती फार कामाची. केळीच्या किंवा कापसाच्या ओळीत मधूनमधून वांग्याचं, मक्याचं किंवा सूर्यफुलाचं रोप लावून ठेवलं तर मुख्य पिकाच्या आधी ते बोलतं.

पपईत खालची पानं पिवळी पडून लोंबतात, फुलं गळतात. पण मुळाशी पाणी साचलं तरी पपई असंच करते, म्हणून तिच्याबाबतीत खड्डा पाहिल्याशिवाय निर्णय नको.

चौथी पायरी : डब्यातलं सूर्यफूल

आतापर्यंतचं सगळं तुलनेचं होतं. आता आपल्या मातीचा आकडा काढू. पीक ज्या ओलाव्याला कायमचं कोमेजतं, त्या ओलाव्याची टक्केवारी ब्रिग्ज आणि शांट्झ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१२ मध्ये वेगवेगळ्या जमिनींसाठी मोजून मांडली. पुढे हे मोजायला बुटकं सूर्यफूल हेच ठरलेलं रोप झालं, कारण ते स्पष्टपणे माना टाकतं आणि स्पष्टपणे सावरतं. घरी करता येण्यासारखी ही गोष्ट आहे.

किलोभर मावेल असा पत्र्याचा डबा घ्या. मुळांच्या थरातली माती चाळून भरा, दोन-तीन बिया लावा, उगवल्यावर एकच रोप ठेवा. तीन जोड्या पानं येईपर्यंत नीट पाणी द्या. मग शेवटचं पाणी देऊन मातीचं तोंड प्लॅस्टिकनं बांधा. खोडाभोवती मेण किंवा कापूस लावून फट बुजवा, म्हणजे पाणी फक्त पानांतून जाईल. डबा उजेडात पण सावलीत ठेवा. काही दिवसांनी पानं लोंबतील. तेव्हा डबा रात्रभर अंधारात, ओल्या फडक्यानं झाकलेल्या मोठ्या पातेल्याखाली ठेवा. सकाळी पानं उठली तर पुन्हा बाहेर काढा. ज्या सकाळी तीन जोड्यांतली खालची पानंही उठत नाहीत, त्या सकाळी डबा रिकामा करा.

मुळं काढून १०० ग्रॅम माती तोला आणि वाळवा. प्रयोगशाळेत ती १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवतात. घरी लोखंडी तव्यावर मंद आचेवर परता आणि वजन घटायचं थांबेपर्यंत तोलत राहा. समजा, ८३ ग्रॅम उरली. १७ ग्रॅम पाणी गेलं. १७ भागिले ८३, म्हणजे सुमारे २० टक्के. मुरमाड मातीत याच रीतीनं ९४ ग्रॅम उरली, तर साडेसहा टक्क्यांच्याही आतच. एकीकडे २० टक्के ओल असताना रोप मेलं आणि दुसरीकडे साडेसहा टक्क्यांपर्यंत जगलं. ताण मात्र दोन्हीकडे १५ बारच्या आसपासच. सुरुवातीला जो चकवा सांगितला तो इथे आकड्यात दिसतो.

रोप नेमकं १२ बारला लोंबलं की १८ ला, याची चिंता करू नका. इतक्या कोरड्या मातीत ताण बराच बदलला तरी पाण्याची टक्केवारी थोडीच बदलते.

आता दुसरं टोक. भरपूर पाणी देऊन वावराचा एक तुकडा झाकून ठेवा. हलक्या जमिनीत एक-दोन दिवसांनी आणि भारीत तीन दिवसांनी मुळांच्या थरातली माती घेऊन तशीच वाळवा. समजा, काळ्या जमिनीत ३८ टक्के निघाले. ३८ वजा २०, म्हणजे १८ टक्के पिकाच्या कामाचं पाणी. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या सिंचन मार्गदर्शिकेत यातलं किती संपू द्यावं याचे आकडे आहेत : केळीत ३५ टक्के, भुईमुगात ५०, मका आणि ज्वारीत ५५, कापसात ६५. केळीसाठी १८ चे ३५ टक्के म्हणजे सव्वासहा. म्हणजे ३८ वरून उतरत साधारण ३२ टक्क्यांवर आलं की पाणी द्यायचं. कापसासाठी हाच हिशोब सुमारे २६ वर येतो. एकाच मातीत, एकाच दिवशी, केळी तहानलेली असते आणि कापूस मजेत असतो. पांझराकाठच्या जुन्या फड पद्धतीत एका फडात, म्हणजे एकत्र पाणी मिळणाऱ्या शेतांच्या पट्ट्यात, सगळे मिळून एकच पीक घेत. एका व्हॉल्व्हवर दोन पिकं लावणाऱ्यांनी ते आठवावं.

पाचवी पायरी : आगाऊ सांगणारा खड्डा

गिरणेच्या कालव्यावर भडगाव-पाचोऱ्याकडे आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या पाळीची, वाट पाहावी लागते. विहीर असली तरी लाईट कधी रात्रीची, कधी दिवसाची. खूण दिसल्यावर लगेच पाणी देणं प्रत्येकाच्या हातात नसतं. अशांना एक-दोन दिवस आधी कळलं पाहिजे.

त्यासाठी कृषिशास्त्रात एक जुनी युक्ती आहे. पेरणीआधी वावराच्या मध्ये एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. निघालेल्या मातीत आकारमानानं सुमारे ५ टक्के वाळू मिसळा आणि थर होते त्याच क्रमानं परत भरा. मग सगळ्या वावरासारखीच पेरणी, तेवढंच खत, तेवढंच पाणी. वाळूमुळे या चौकोनात पाणी कमी मावतं, म्हणून तिथली झाडं बाकीच्यांच्या एक-दोन दिवस आधी मलूल होतात. ती मलूल झाली की तयारीला लागा.

खड्डा खणणं जमत नसेल तर जमिनीच्या थोड्या उंचवट्यावर एक मीटरच्या चौकोनात चौपट दाट पेरणी करा. गर्दीमुळे ओल लवकर संपते आणि तो चौकोन आधी कोमेजतो. ज्वारी, मका, भुईमूग यांना हे सोपं. केळीत अर्थातच नाही.

टेन्शिओमीटर असेल तर

एकच घ्या, पण झाडांच्या खुणांशी जुळवा. चिनी मातीचं टोक मुळांच्या थरात, ठिबकखाली कांद्याच्या आकारात भिजलेल्या मातीच्या आत पण ड्रीपरच्या अगदी खाली नाही, असं बसवा. रोज पहाटे काटा वाचा आणि बाजूला झाडाची खूण लिहा. दोन पाळ्यांतलं वाळणं असं नोंदलं की तुमच्या वावराचा तक्ता तयार होतो, आणि पुढे काटा नसला तरी चालतं.

काटा ८० सेंटिबारच्या पुढे विश्वासाचा नाही. कारण ओळखीचं आहे. विहिरीवर ठेवलेली सेंट्रिफ्यूगल मोटर सात-आठ मीटरच्या खालचं पाणी ओढू शकत नाही, तिला आत उतरवावी लागते. नळीतलं पाणीही तेवढ्याच ओढीपर्यंत टिकतं, मग त्यात हवा शिरते आणि काटा शून्याकडे पडतो. नवखे तो शून्य पाहून जमीन ओली समजतात. म्हणून काटा अचानक पडला आणि पाऊसही नाही, पाणीही दिलेलं नाही, तर नळी तपासा. ८० च्या पुढचा सगळा पट्टा झाडानंच सांगायचा आहे.

खुणा खोटं बोलतात तेव्हा

माना टाकलेलं प्रत्येक झाड तहानलेलं नसतं. माझी केळी मुळं कुजल्यामुळे झुकत होती. पाणी साचलेल्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही आणि पाण्यात उभं राहूनही ती पाणी ओढू शकत नाहीत. कापसात मोठ्या उघडिपीनंतर जोरदार पाऊस झाला किंवा भरपूर पाणी दिलं की काही झाडं एक-दोन दिवसांत माना टाकतात. ती आकस्मिक मर. तिथे आणखी पाणी देणं म्हणजे झाड घालवणं, आधी साचलेलं पाणी बाहेर काढा. तुडतुड्यांनी पानांच्या कडा वळतात, लाल्यात पानं लाल होतात, मिरचीवर बोकड्या येऊन पानं आकसतात. यातलं काहीही ओलाव्याचं माप नाही.

खारवट जमिनीत आणखी एक गुंता. क्षार स्वतःच पाणी धरून ठेवतात. मातीतल्या पाण्याची विद्युतवाहकता (क्षार किती आहेत त्याचं माप) ४ डेसिसायमन प्रति मीटर असेल तर मुळाला सुमारे दीड बारची जास्तीची ओढ लावावी लागते. टेन्शिओमीटरला हे दिसत नाही, झाडाला दिसतं. तिथे झाड आणि काटा यांचं पटत नसेल तर मी झाडावर विश्वास ठेवतो.

शंका आली की एक साधी परीक्षा करा. मलूल झाडांतलं एक निवडा, दिवस मावळताना बुडाशी हळूहळू दोन बादल्या पाणी द्या, शेजारच्याला काही देऊ नका. पहाटे जाऊन पाहा. पाणी दिलेलं उठलं आणि शेजारचं नाही, तर तहान होती. दोन्ही तशीच असतील तर कुदळ घ्या आणि मुळं उकरा. मुळं तपकिरी, कुजकी निघाली, किंवा त्यांवर सूत्रकृमीच्या गाठी दिसल्या, तर प्रश्न पाण्याचा नाही.

वहीत काय लिहावं

तारीख. पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी दोरी बांधलेल्या पंधरा झाडांपैकी किती मलूल. तृप्त चारपैकी किती. पोंगा किती सरकला किंवा सुरळी किती वाजता झाली. वारा होता का. शेवटचं पाणी कधी, किती तास. एवढंच, एका ओळीत. पाळी ठरवताना पंधरापैकी एक-दोन झाडांकडे पाहून घाबरू नका. निम्मी एकाच खुणेवर आली की ती वावराची खूण समजा. शेवटच्या जागेची पाचही झाडं आधी येत असतील आणि पहिल्या जागेची कधीच येत नसतील, तर पाळी बदलून उपयोग नाही. लॅटरलचा, म्हणजे ड्रीपर लावलेल्या नळीचा, दाब तपासा, शेवटचे ड्रीपर उघडून पाहा. बहुतेक वेळा क्षार बसलेले सापडतात.

सूर्यफुलाचा डबा मात्र आजच भरायला घ्या. रोपाला तीन जोड्या पानं यायला काही आठवडे जातात, आणि पुढच्या सगळ्या हिशोबाला तो एक आकडा लागतो.